डाव्या चाकाचे दोन बोल्ट

अंबादास कांबळेकडे बघून कुणालाही वाटेल की हा साधा माणूस आहे, आणि तिथंच माणूस फसतो. बुटका, सावळा, बोलायला कमी, उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर टर्नर. कामावर सायकलने जायचा. दारात चारचाकी उभी असताना सायकल कशाला, असं विचारलं की म्हणायचा, "गाडी काय कामावर न्यायला आसती व्हय?" मग कशाला असते? तर खोलायला.

सदर बाजारात विहाराच्या मागच्या बोळात त्याचं घर, आणि घराला टेकून पत्र्याची शेड. नव्व्याण्णव साली त्यानं एका डॉक्टरांची वापरलेली पांढरी झेन घेतली. डॉक्टरांनी ती तळहातावरच्या फोडासारखी जपली होती, टायरवर चिखल बसू दिला नव्हता. आठव्या दिवशी तिचं इंजिन शेडमध्ये पोत्यावर उतरवून ठेवलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"काय बिघडलंय?" मी विचारलं.

"काय बी न्हाय, मास्तर. बघतोय, कुठं हात राखून केलंय ते."

मास्तर म्हणजे मी, अतुल. हायस्कुलात शास्त्र शिकवतो. वर्गात इंजिनाचं चित्र फळ्यावर काढताना माझा खडू कधी अडला नाही, पण खरं इंजिन उघडं बघितलं ते अंबादासच्या शेडमध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. तिसरा पिराजी. त्याचं टायर रिमोल्ड करायचं दुकान होतं आणि तोंडही तसंच होतं, कायम गरम. शनिवारी दुपारनंतर आम्ही तिघं त्या शेडमध्ये असायचो. दोन वर्षांत अंबादासनं इंजिनाच्या आतल्या हवा जायच्या वाटा पॉलिश पेपरनं घासून आरशासारख्या केल्या, सायलेन्सरचा पाइप स्वतः वाकवून बसवला, स्प्रिंगा बदलून गाडी दोन बोटं खाली आणली. पन्हाळ्याच्या चढाला ती झेन अशी सुटायची की पुढचे लोक मागच्या आरशात दिसलेली गाडी शोधेपर्यंत आम्ही पुढं गेलेलो असायचो. मी शेजारी बसून डोळे मिटून घ्यायचो, आणि खाली उतरल्यावर सगळ्यात मोठ्या आवाजात फुशारकी मीच मारायचो.

त्याची बायको विमला अंगणवाडीत सेविका. आम्हाला चहा देताना एक वाक्य ठरलेलं, "ह्या घरात दोन बायका हायती. तिला रोज तेल, मला सणाला." बोलायची असं, पण ब्रेकच्या पाइपातली हवा काढायची वेळ आली की पिठाचे हात धुऊन गाडीत बसायची ती विमलाच. आम्ही चाकापाशी, ती पेडलवर. "दाबा... धरा... सोडा." आम्ही शिकाऊ होतो, ती पक्की झाली होती.

शेडमध्ये अंबादासचा एक कायदा होता. ज्यानं नट सोडला, त्यानंच तो आवळायचा. आणि आवळून झाला की डोक्यावर पिवळ्या ऑइलपेंटची एक रेघ ओढायची. कारखान्यात तपासणी झालेल्या मालावर ओढतात तशी. रेघ आहे म्हणजे काम झालं, पुन्हा बघायला नको.

दोन हजार एकच्या डिसेंबरात त्यानं पुढचे ब्रेक बदलायला काढले. गाडी पळवायला शिकवली, आता तिला थांबायलाही शिकवायला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. भंगारातून मोठ्या गाडीच्या डिस्क आणल्या आणि त्या इथं बसाव्यात म्हणून लागणाऱ्या पट्ट्या लेथवर स्वतः केल्या. चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा एक जबडा असतो. तो प्रत्येक चाकामागं दोन बोल्टांवर उभा असतो. फक्त दोन. ते निघाले की ब्रेक दाबून काही उपयोग नाही.

घाई होती ती वेगळ्याच कारणानं. विमलाच्या धाकट्या बहिणीला, प्रीतीला, रत्नागिरीत मुलगा झाला होता आणि रविवारी दुपारी बारसं होतं. विमला, नेसरीहून आलेली तिची आई यल्लव्वा आणि भाऊ मोहित असे तिघं सकाळी गाडीनं निघणार होते. अंबादासला रविवारची पाळी होती. मोहित वडापची, म्हणजे गावोगाव माणसं कोंबून नेणारी, जीप चालवणारा, त्यामुळे ड्रायव्हरची चिंता नव्हती.

शनिवारी उजवं चाक अंबादासनं पुरं केलं. डाव्या चाकावर मी होतो. जबडा बसवला, दोन्ही बोल्ट हातानं फिरवून आत घातले, आणि आता पाना घेणार एवढ्यात पिराजी ओरडला, "लगा, म्हशी आल्या आसतील की!"

हे कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. शनिवारी संध्याकाळी गंगावेशीत जाऊन, समोर पिळलेलं फेसाळ दूध कट्ट्यावर उभ्या उभ्या प्यायचं, हा आमचा नेम होता. हातात काम आहे म्हणून म्हशी थांबत नाहीत. आम्ही हात पुसले आणि गेलो. एकेकानं दोन-दोन ग्लास मारले, मिशा पांढऱ्या करून परत आलो.

परत आल्यावर मी बाहेर नळावर हात धूत होतो. अंबादासनं डाव्या चाकात वाकून बघितलं. बोल्ट जागेवर होते. मास्तरनं आवळले असणार, मास्तर काम अर्धवट सोडायचा नाही, असं त्याला वाटलं आणि त्यानं दोन्ही डोक्यांवर पिवळी रेघ ओढली. मी आत येऊन बघितलं, तर पिवळी रेघ. मला वाटलं, अंबादासनं आवळून टाकले. आम्ही दोघांनीही एकमेकांवर विश्वास ठेवला, बोल्टकडे कुणीच बघितलं नाही. चाकं चढवली, विमलानं पेडल मारलं, बोळात एक चक्कर झाली. ब्रेक असा लागला की पिराजीचं डोकं काचेला टेकलं. सगळे खूश.

रविवारी सकाळी आठला मी पेपर वाचत बसलो होतो. पिराजी यामाहावर आला आणि दारातूनच म्हणाला, "मास्तर, ह्यो सतरा नंबरचा पाना अंबादासला द्या. काल म्हशीकडं जाताना साइड बॅगेत टाकलेला, तसाच ऱ्हायला बघा."

मी पाना हातात घेतला आणि त्यावरचा आकडा पुन्हा वाचला. ते बोल्ट सतरा नंबरचे. शेडमध्ये सतराचा पाना हा एकच. तो काल संध्याकाळपासून पिराजीच्या बॅगेत होता. मग अंबादासनं आवळलं कशानं?

गाडी साडेसातला सुटलेली. रस्ता रत्नागिरीचा. मलकापूरच्या पुढं आंबा घाट.

पिराजीच्या मागं बसून उद्यमनगरात पोचलो तेव्हा अंबादास लेथवर होता. मी एवढंच म्हणालो, "डावं चाक मी आवळलं न्हवतं." त्यानं माझ्याकडे बघितलं. मशीन बंद केलं, रॅकवरून दोन बोल्ट उचलून खिशात टाकले, पिराजीच्या हातातून यामाहाची किल्ली घेतली आणि चालू लागला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं मला. पिराजीला मलकापुरात ओळखीपाळखीत फोन लावायला मागं ठेवलं.

त्या रस्त्यानं मी शंभर वेळा गेलो असेन, पण इतका लांब तो कधीच नव्हता. हंगामाचे दिवस, उसाच्या ट्रॉल्या रस्ताभर. अंबादास त्यांच्या बाजूनं मातीत गाडी घालून पुढं काढत होता. मी मागं बसून एका हातानं त्याचा शर्ट आणि दुसऱ्या हातानं पाना धरला होता, आणि प्रत्येक वळणावर आधी खाली चरीत बघत होतो. पांढरं काही दिसलं की त्याच्या शर्टाला हिसका द्यायचो. कधी सिमेंटची पोती, एकदा एक पांढरी गाय. वाघबिळात चहावाल्याला विचारलं.

"पांढरी झेन? खाली बसकी हाय ती? गेली की मगाशी. लय वाजतीया, पावणं!"

म्हणजे इथवर तरी पोचली होती. अंबादासनं ऐकून घेतलं नाही घेतलं, पुन्हा किक मारली. बांबवडे गेलं. मलकापूर गेलं. मी देवाधर्माचा फार नाही, शास्त्र शिकवतो, पण त्या दिवशी मी ज्याला ज्याला आठवता येईल त्या सगळ्यांना हात जोडले. यल्लव्वा मागच्या सीटवर एकीकडे कलून बसते, ती उगाच डोळ्यांसमोर येत राहिली.

मलकापूर सोडून चारेक किलोमीटरवर, आंब्याच्या झाडाखाली, झेन उभी होती. चारही चाकांवर. शेजारी दगडावर विमला बसलेली. यल्लव्वा सावलीला भाकरी-चटणी खात होती. मोहित बॉनेटला टेकून रस्त्याकडे पाठ करून उभा, राग मानेपर्यंत चढलेला.

अंबादासनं यामाहा उभी केली नाही, नुसती सोडून दिली. ती आडवी झाली. तो विमलाकडे गेला आणि तिच्या पुढ्यात रस्त्यावर मांडी घालून बसला, कारखान्याच्या तेलकट कपड्यांत, आणि रडायला लागला. मी त्याला कधी रडताना बघितलं नव्हतं. मलाही आवरलं नाही. दोन बाप्ये भर रस्त्यात रडतायत म्हणून एक ट्रॉलीवाला थांबून बघून गेला.

"दाजी, आक्कानं पाऊण तास हितं बसवलंय बघा!" मोहित म्हणाला. "बांबवड्यापास्नं एकच पालुपद. ब्रेक मारला की डावीकडं टक् वाजतंय. म्हटलं, रस्ता हाय, वाजणारच. तर किल्ली काढून कनवटीला लावली हिनं!"

वडापच्या जीपमध्ये ज्याचा कान तयार झाला, त्याला अशी टक्टक् म्हणजे शांतताच. त्याचा काही दोष नाही.

"ह्यो आवाज आपल्या गाडीचा न्हाय," विमला म्हणाली. "हिचं समदं आवाज मला ठावं हायती. रोज तेच तर ऐकतोय. एक दूधवाला थांबला, त्याच्याजवळ कारखान्याचा नंबर दिलाय. तुमी बोलल्याबिगर गाडी हलवायची न्हाय म्हटलं." मग तिनं आमच्याकडे नीट बघितलं. "पर तुमी इतक्यात कसं आलासा?"

तेव्हा मी सांगितलं. सगळं, म्हशीसकट. सांगताना शाळेतल्या पोरांसारखा हात मागं बांधून उभा होतो.

अंबादासनं चाक काढलं. खालचा बोल्ट नव्हताच, कुठल्यातरी उसाच्या फडात पडला असणार. वरचा दोन आट्यांवर लोंबकळत होता, आणि त्याच्या डोक्यावर आमची पिवळी रेघ, स्वच्छ, ताजी. घाटातलं पहिलं उतरतं वळण तिथून अर्ध्या तासावर होतं. यल्लव्वानं भाकरी बाजूला ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं.

"चूक माझी हाय," मी म्हणालो.

"आणि रेघ कुणी वढली? तुमी?" अंबादास म्हणाला. "न बघता मीच वढली न्हवं का?" त्यानं पाना माझ्यापुढं धरला. मला वाटलं, थट्टा करतोय. पण नाही. "आवळा, मास्तर. मी बघतो. मग मी आवळतो, तुमी बघा."

मी दोन्ही बोल्ट आवळले. त्यानं पाना घेऊन पुन्हा आवळले. मग विमला खाली बसली, पाना तिनं घेतला आणि सगळा भार टाकून दाबून बघितला. काही हललं नाही. जीव म्हणजे काय असतो आणि तो भांड्यात पडतो म्हणजे काय होतं, ते मला तेव्हा कळलं. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं हलकं वाटलं, हसूच यायला लागलं.

"तुमी यष्टीनं जावा," अंबादास म्हणाला. "ही गाडी मी माघारी नेतो आणि इकून टाकतो. परत हात लावायचा न्हाय मी हिला."

"का? गाडीनं काय केलंय?" विमला उसळली. "तिनं तर वाजून सांगितलं. तुमी तिघं दूध प्यायला गेलतासा. बसा आता, चालवा. बारशाला उशीर व्हतोय."

ती दार उघडून पुढं बसली. यल्लव्वा मागं चढली, मोहित तिच्या शेजारी. नुकतंच जे समोर बघितलं होतं त्यानंतर ती माणसं त्याच गाडीत, आंबा घाट उतरायला, पुन्हा बसली. अंबादासनं स्टिअरिंगवर हात ठेवला आणि आधी ब्रेकचं पेडल दोनदा दाबून बघितलं. मग किल्ली मागितली.

मी यामाहावर त्यांच्या मागोमाग निघालो. परत फिरायला हरकत नव्हती, पण मला ते चाक नजरेआड करवेना. घाटात प्रत्येक वळणाआधी लाल दिवे लागायचे, गाडी शहाण्यासारखी हळू व्हायची, आणि मी श्वास सोडायचो. साखरप्याला घाट संपला तेव्हा माझी पाठ घामानं भिजली होती, डिसेंबरात.

रत्नागिरीत पाळणा आधीच हलवून झाला होता. आम्हाला बघून प्रीती म्हणाली, "हे काय, कारखान्यातनंच आलासा?" विमलानं काही सांगितलं नाही, दोघांना साबण दिला आणि मोरीकडे बोट दाखवलं. बाहेर आलो तर यल्लव्वानं बाळ उचलून थेट माझ्या हातात दिलं. पावशेर वजन नसेल असं वाटावं एवढं हलकं. थोड्या वेळानं प्रीती त्याला घ्यायला आली, तिचे हात बाळाखाली आलेही, पण तिनं तोंडानं "घेतला मी" म्हणेपर्यंत मी माझे सोडले नाहीत.