बाबांच्या लाँचचं इंजिन : शिरूर ते दौंड

जेवता जेवता बाबा म्हणाले, "बदलून टाक गो आता." कशाबद्दल ते विचारावं लागलं नाही.

बाबांनी कोकणातल्या खाडीत जन्मभर प्रवासी लाँच चालवली. पूल झाल्यावर ती चिखलात बसली, तेव्हा मी ती विकत घेतली आणि ट्रेलरवर चढवून, घाट ओलांडून, दौंडच्या पुढे भीमेवरच्या धरणाच्या फुगवट्यावर आणली. बाकं काढून दोन खोल्या केल्या. हिवाळ्यात पक्षी बघायला येणारे लोक तिथे राहतात. इंजिन मात्र तेच ठेवलं, हँडल मारून सुरू होणारं, दोन सिलिंडरचं. बाबा आले की तासन् तास त्याच्याशेजारी बसायचे. या मोसमात त्याच्या ब्लॉकला तडा गेला. ऑइलमध्ये पाणी शिरून ते ताकासारखं पांढरं झालं आणि भर वाऱ्यात आम्ही पाहुण्यांसकट पाण्याच्या मधोमध अडकलो. मच्छीमारांनी ओढून काठाला लावलं.

नवं इंजिन शिरूरला मिळालं. पुण्याहून जाणार असाल तर पहाटे निघा. शिक्रापूरच्या चौकात एकदा ट्रकांची रांग लागली की चहाचे दोन कप सहज होतात. कारेगावपाशी कारखान्यांची पाळी सुटली होती, रस्ताभर हातात डबे घेतलेली पोरं. बाबा खिडकीतून बघत होते.

शिरूरच्या वर्कशॉपचे मालक तानाजीमामा यांनी इंजिन चालू करून दाखवलं. तीन सिलिंडर, आकाराने निम्मं, किंमत एखाद्या जुन्या मोटारीएवढी.

"चावी फिरवायची, बास," मामा म्हणाले. "बघा की हात लावून, आबा."

बाबांनी हात मागे बांधले होते, ते तसेच ठेवले. "चांगलं आहे," म्हणाले.

इंजिन पिकअपमध्ये चढवून मामा पुढे गेले. आम्ही शिरूरला झणझणीत मिसळ खाल्ली आणि न्हावरे, चौफुला असा रस्ता धरला. रस्ता बरा आहे, पण उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवे नसतात, अंधाराआधी संपवा.

चौफुल्याच्या पुढे एका गुऱ्हाळावर रस प्यायला थांबलो. मालक म्हातारे, फेटा बांधलेले. कामगार त्यांना आप्पा म्हणत होते. बाबा कोकणातले कळल्यावर आप्पा सरसावून बसले.

"आमचा थोरला भाऊ मेंढरं घिऊन तुमच्याच मुलखात उतरायचा. खाडी आडवी आली की लाँचवाल्यांशी भांडान ठरल्यालं."

"मीच भांडलो असेन," बाबा म्हणाले. "मेंढरं चढली की प्रवासी उतरायचे."

दोघं हसले. मग इंजिनाचा विषय निघाला. आप्पांना चरकासाठी इंजिन हवंच होतं.

"तडा गेलाय त्याला," बाबांनी सांगितलं.

"शिवून घिऊ की. आमचं काम सावकाशीचं हाय. उद्याच येतो ट्रॉली घिऊन."

दौंडपर्यंत बाबा बोलत राहिले. ते इंजिन पाण्यापेक्षा जमिनीवर कसं जास्त टिकेल, चरकाला किती फेरे लागतील. कित्येक महिन्यांत मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काठावर मामांची माणसं चेनपुली घेऊन इंजिनाच्या कोठीत उतरली. हेड निघालं, फ्लायव्हील निघालं. बिडाचा ब्लॉक वर आला आणि कोठीच्या तोंडाला अडकला. आडवा केला, तिरका केला. नाहीच. लाँच बांधली तेव्हा इंजिन बसवून मग वरच्या फळ्या मारल्या होत्या, आणि त्या फळ्यांवर, कोठीचं तोंड अर्धं झाकून, मी खोली बांधली होती.

मामांनी पट्टीने मोजलं. "येक तर खोलीखालचं आडवं लाकडी तुळवट कापावं लागंल, न्हाईतर ब्लॉक फोडावा लागंल. तुळवट कापलं तर बोट महिनाभर काठावर. आन् पुन्ना तेवढी मजबूत व्हईल का, ते मी सांगू शकत न्हाई."

मी म्हणाले, "कापा." मोसम बुडाला तरी चालेल, असं मला त्या क्षणी खरंच वाटत होतं.

"नाय," बाबा म्हणाले. "बोटीला करवत लावायची नाय. फोडा."

तेवढ्यात आप्पांची ट्रॉली आली. बाबा त्यांना घेऊन बाभळीखाली गेले आणि पाण्याकडे पाठ करून बसले. घण पडायला लागले. बीड फुटताना मडक्यासारखा बद्द आवाज येतो. प्रत्येक घावाला बाबांची मान किंचित खाली जायची. आप्पा शेजारी बसून होते. शेवटी मामांनी आप्पांना तुकडे हवेत का म्हणून विचारलं, तर ते म्हणाले, "भंगार न्याया न्हवतो आलो," आणि रिकामी ट्रॉली घेऊन परत गेले.

नवं इंजिन तिरकं करून सहज आत गेलं. संध्याकाळी बाबांनी एक फेरी मारली. आता सुकाणूवरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत नाही. पाहुणे खूश आहेत.

जुनी बोट घेऊन तिचं घर करायचं स्वप्न बघत असाल, तर आधी इंजिन बाहेर कुठून निघणार ते बघा. मग भिंती उभ्या करा.

हेच वाक्य घरी लिहीत होते, तेव्हा बाबा मागे उभे होते.

"मला दिसत होतं तेव्हा," ते म्हणाले.

"काय?"

"कोठीचं तोंड लहान होतंय ते."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"तू खिडकी कुठे बसवायची ते सुताराला दाखवत होतीस. इतकी खूश होतीस. म्हटलं, मी आहे तोवर काय ते बाहेर काढायची पाळी येत नाय."

मग ते टॉवेल घेऊन आंघोळीला गेले.

पाहुणे हटकून कोठीवरची तीच खोली मागतात, खिडकीतून पाणी दिसतं म्हणून. मी ती देते. स्वतः बोटीवर राहिले तर मात्र आता दुसऱ्या खोलीत झोपते.