माणगंगेच्या वाळूत पंधरा पौंड

मंगळवारी सकाळी मिरजेचं पत्र हातात पडलं आणि माझं डोकंच फिरलं. आत्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन गुरुवारी सकाळी, बुधवारी संध्याकाळपर्यंत तिला दवाखान्यात दाखल करा, असं त्यात होतं. डोळ्यांचा साहेब गुरुवारी रात्रीच वर्षभराच्या रजेवर विलायतेला निघणार होता. म्हणजे हा गुरुवार हुकला की आत्या आणखी वर्षभर भिंत चाचपत फिरणार. आणि हे पत्र, आमच्या गावचं टपाल ज्याच्याकडं येतं त्या वाण्यानं चार दिवस साखरेच्या पोत्यामागं जपून ठेवलं होतं. मी त्याला काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आत्या म्हसवडच्या पुढं, माणगंगेच्या पलीकडं एका खेड्यात दिलेली. नवरा गेला, मूल नाही, दिराच्या घरात राहते. तिथून मिरजेला बैलगाडीनं जायचं तर तीन दिवस लागतात. पण लढाई संपल्यावर लिलावात घेतलेली जीप माझ्या दारात होती, आणि मिसरच्या वाळूत चार वर्षं लष्कराचा ट्रक हाकलेला मी होतो. म्हटलं, निघायचं.

नव्हता तो हवेचा पंप. साताऱ्यात मोटारीच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं दोन पंप पुढं ठेवले. एक पायानं दाबायचा, साधा. दुसरा इंजिनाचा एक प्लग काढून त्या भोकात बसवायचा. बाकीच्या तीन सिलिंडरांवर इंजिन चालतं आणि हवा आपोआप भरते. दुकानदार त्या दुसऱ्याचीच तारीफ करत सुटला. मला तो पंप लष्करापासून ठाऊक. इंजिन बसलं की पंपही बसला. मी तसं म्हणालो तर हा गृहस्थ मलाच शिकवायला लागला. त्या रागात मी पायपंप उचलला. दाब बघायचं मीटर मागितलं, तर म्हणतो, अंगठ्यानं दाबून बघा की! शेवटी त्याच्या स्वतःच्या खणातलं मीटर घेऊनच पायरी उतरलो. पंपाच्या जोडीला एक सुटा चामडी वायसर, दांड्याच्या टोकाला बसून हवा दाबतो तो, मात्र घ्यायचा राहिला. भांडणाच्या नादात सुचलंच नाही.

पेट्रोलची कुपनं जपून ठेवलेली होती, ती सगळी फुंकली. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी असा रस्ता. पुसेगावपर्यंत खडी ठीक आहे, पुढं मात्र खड्ड्यांत रस्ता शोधावा लागतो. जाणाऱ्यांनी पाणी दहिवडीतच भरून घ्यावं. तिथं एका खानावळीत बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि ठेचा मिळाला. ठेचा असा की राग जरा वेळ जिभेवरच राहिला. मालकानं विचारलं, जीपगाडी कुठं निघाली? नदीपलीकडं म्हटल्यावर तो हसला आणि म्हणाला, उन्हाळ्यात माणगंगेत पाणी नसतं, वाळू असते.

नदीवर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. पात्र चांगलं रुंद, वाळू पिठासारखी. रस्त्यावर मी तीस पौंड हवा ठेवतो. इथं चारही चाकांची सोडून पंधरावर आणली. टायर पसरला की वाळूवर तरंगतो. कडक टायर रुतत जातो. एवढं साधं आहे, पण मोठमोठ्या ड्रायव्हरांना कळत नाही. दुसऱ्या गिअरवर, न थांबता, जीप सरळ पलीकडं गेली. उद्या सकाळी परत हीच नदी ओलांडायची म्हणून हवा तशीच ठेवली, आणि पंप जीपमध्येच टाकला.

आत्याचे दीर नाना. सत्तरीचे, काटक, बोलणं कमी. त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली, चाकाला हात लावून बघितला आणि मान हलवली. मी लक्ष दिलं नाही.

बुधवारी सकाळी उजाडल्यावर आत्यानं नवाच घोळ घातला. मी येत न्हाई, म्हणाली. या वयात डोळं घिऊन काय करू? मी भाकरी खाता खाता तिच्याशी वाद घालत बसलो. तासभर गेला. शेवटी हात धरून तिला जीपमध्ये बसवली आणि तणतणत गाडी सुरू केली. निघण्याआधी चाकं बघायची, हा लष्करातला पहिला धडा. तो मी त्या सकाळी खाल्ला भाकरीबरोबर.

नदीच्या मधोमध जीप बसली. इंजिन ओरडतंय, चाकं जागच्या जागी फिरतायत, गाडी खालीच चाललीये. उतरून टायरला लाथ मारली तर दगड! मीटर लावलं, पस्तीसच्या वर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गावातली दहाबारा माणसं धावत आली. पुढं नाना. मी विचारलं, हवा कुणी भरली?

"आमी भरली," नाना म्हणाले. "तू आत जेवत व्हतास तवा. पावण्याचं बैल आमी कवा उपाशी धाडलं न्हाईत. तुजी चाकं पार खप्पड झाली व्हती रं."

त्या गावाची ही रीतच. पाहुणा जेवतो तेव्हा त्याच्या बैलांना वैरण घालायची, गाडीच्या चाकांना वंगण द्यायचं. सगळ्या गड्यांनी आळीपाळीनं पंप दाबून माझ्या चाकांना जेवू घातलं होतं! हे आज सांगताना हसू येतं. तेव्हा नाही आलं.

"चाक म्हंजे बैल न्हवं, नाना," मी सगळ्यांसमोर ओरडलो. "कळत न्हाई तर हात कशाला लावता? तिचं डोळं गेलं तर तुमच्यामुळं जात्याल."

आत्या जीपमध्ये खाली मान घालून बसली होती.

हवा सोडली, वाळू उपसली, चार बैल जुंपले. मिरजेकडच्या काठावर यायला सूर्य डोक्यावर. आता हवा भरून सुटायचं म्हणून पंप दाबला, तर नुसताच फुसफुस. दहा जणांनी दाबदाबून आतला चामडी वायसर फाडून ठेवला होता. पुढं ऐंशी मैल खडीचा रस्ता. बसक्या टायरवर पळवलं तर कडा कापून चिंध्या होणार, हळू न्यावं तर मिरजेला मध्यरात्र. साताऱ्याचा तो दुकानदार डोळ्यांपुढं आला, हसत. प्लगवाला पंप घेतला असता तर त्याला हे चामडंच लागलं नसतं! मी पंप वाळूत फेकला.

नानांनी तो उचलला, फाटलेलं चामडं काढून निरखलं आणि वाळू तुडवत परत आपल्या विहिरीकडं चालते झाले. आले ते हातात पंज्याएवढा चामड्याचा तुकडा घेऊन. मऊ, तेल पाजलेला. मी ओळखला. मोटेचा होता. भर चैत्रात, त्या मुलखात, ज्या मोटेवर घरचं पाणी आणि पाच वाफे मिरची जगत होती, तिच्या सोंडेचा.

"ह्याच्यानं हुईल का बग," एवढंच म्हणाले.

झालं. गोल कापला, करडईच्या तेलात भिजवून दांड्यावर बसवला. तीस पौंड भरले. मी आभार मानले नाहीत. घाई होती, आणि खरं सांगायचं तर राग अजून उतरला नव्हता.

आटपाडी, भिवघाट, तासगाव. कुठं थांबलो नाही. आत्यानं गुळशेंगदाण्यांवर दिवस काढला. सांगलीच्या जकात नाक्यावर शिपायानं गाठोडं सोडायला लावलं, त्याच्याशीही भांडलो. दवाखान्याचं दार लागायला अर्धा तास असताना मिरजेत पोचलो.

आत्याला दिसायला लागलं. परत जाताना वाटभर ती मैलाचे दगड मोजत होती. नदीवर मी हवा पंधरावर आणली, पलीकडं गेलो. गावातली माणसं जमली, आत्याला बघून बायका रडल्या. विहिरीवर मोट चालू होती. सोंडेला ठिगळ होतं आणि त्यातून पाणी गळत होतं. नाना जीपभोवती फिरले, चाकापाशी थांबले. हात पुढं केला आणि मागं घेतला.

"पावनं," मला नेहमी अरेतुरे करणारे नाना हळूच म्हणाले, "चाकास्नी हात लावू का न्हको?"

इतके दिवस मी ज्याच्यात्याच्यावर चिडलो होतो. त्या क्षणी मात्र मला माझाच संताप आला. पंप काढून त्यांच्या हातात दिला. म्हटलं, भरा नाना, पोटभर भरा.

गावी परतलो, पंप अजून तोच आहे आणि वायसर मोटेचाच. नवी मोट धाडली, ती नानांनी ठेवून घेतली. तिकडं जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: सुटा वायसर घ्या, मीटर घ्या, वाळूत पंधरा पौंड. पण त्या गावात कुणी चाकं भरायला आलं तर भरू द्या. नदीच्या उतारावर बाभळी आहेत. त्यांच्या आड गेलं की गावातून दिसत नाही. हवा तिथं सोडा.