चहापत्तीला साबणाचा वास

मंडळी, आज डोंगरकड्यातल्या माझ्या किराणा दुकानात एक मावशी चहापत्ती परत घेऊन आल्या. "साबणाचा वास येऊन राहिला," म्हणाल्या. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. मी म्हणालो, "तुमच्याच हाताला असंल." त्या पुडी तिथंच ठेवून निघून गेल्या.

मागं बसलेले माझे नव्वदीपार आजोबा म्हणाले, "निजामाच्या राज्यात मी बी असंच बोललो होतो. घासलेटाच्या डब्याशेजारी गूळ ठेवला होता. शेजारच्या गंगाबाईनं लेकीच्या साखरपुड्याला नेला अन् परत आणला. मी चारचौघांत तिलाच खोटं पाडलं. पुन्हा ती आपल्या दुकानाची पायरी चढली न्हाई."

"तुमाला वास आला नव्हता?"

"आला होता की."

मी चहापत्ती हुंगली. साबणाचाच वास.

आता दुसरी पुडी घेऊन मावशींकडं निघालोय. दारात पहिलं काय बोलू, सांगा?