साडीतली बंदूक

निवडणूक जाहीर झाली, की आमच्याकडे परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. या बंदुका रानडुकरांना हाकलण्यासाठी असतात. परवा रांगेत माझ्यापुढे आमच्या बंदूकधारी शेतकरी संघाचे अध्यक्ष सदूभाऊ होते. वहिनींच्या जुन्या साडीत गुंडाळलेली बंदूक त्यांनी अशी छातीशी धरली होती, की हवालदारसुद्धा हळू आवाजात बोलत होता.

एवढ्यात एक उमेदवार गाडीतून उतरले. "बंदूक हा तुमचा हक्क आहे!" म्हणत त्यांनी भाषणच ठोकलं. त्यांची बंदूक मागून ड्रायव्हर चकचकीत चामडी पेटीतून घेऊन आला. सदूभाऊंनी नमस्कार केला, पाठिंब्याचं नाव काढलं नाही.

मग दुसरे उमेदवार आले. काखेत फुलाफुलांच्या चादरीतली बंदूक. गुपचूप रांगेत उभे राहिले आणि पुटपुटले, "आता रताळ्यांचं काही खरं नाही."

"आपला पाठिंबा यांना," सदूभाऊ म्हणाले.

"अहो, पण हक्काचं तर ते पहिले बोलले!"

"बोलले ना. पण त्यांच्याकडे रताळी कुठायत?"

परदेशात म्हणे बंदूकवाल्यांचे मोठमोठे संघ उमेदवारांना पारखून पाठिंबा देतात. ते काय बघतात, कोण जाणे. आमच्याकडे बंदूक कशात गुंडाळलीय, ते बघतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फिरायला निघालो. डुकरांनी माझं शेत उकरलं होतं, सदूभाऊंचंही. पेटीवाल्या उमेदवारांच्या बंगल्यापुढची हिरवळसुद्धा पार नांगरून टाकली होती आणि ते लुंगीवर कपाळाला हात लावून उभे होते.

सदूभाऊ फाटकाशी थांबले. "आता यांचाही विचार करायला हरकत नाही."