समेटाची कोंबडी

निजामाचं राज्य संपण्याच्या तीन वर्षं आधी, सुगीच्या उपासनेच्या रविवारी, जळकोटजवळच्या आमच्या गावातल्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजन झालं नाही. येशूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून घ्यायची भाकर तयार होती, मनुकांचा रस तयार होता, धाराशिवाहून पाळकसाहेब बैलगाडीनं आले होते. मंडळीतले बहुतेक लोक उठून बाहेर गेले, म्हणून ते झालं नाही.

माझे वडील त्या मंडळीचे उपदेशक होते. प्रभुभोजन देण्याचा अधिकार पाळकांचा, आणि ते वर्षातून मोजक्या वेळा येत. एरवीची प्रार्थना वडील चालवत, बायकांना आई शिकवी. प्रार्थनाघराच्या भिंतीवर वडिलांनी निळीनं आत्म्याच्या फळाचे शब्द लिहिले होते. प्रीती, आनंद, शांती आणि पुढचे सगळे.

मंडळीतली सगळी घरं महारवाड्यातून आलेली. गावच्या विहिरीला आम्हांला हात लावता येत नव्हता, आणि मांगवाड्याच्या हातचं पाणी आम्ही पीत नव्हतो. त्या वर्षी मांगवाड्यातल्या एका विधवेनं बाप्तिस्मा घेतला. ती केरसुण्या बांधून विकायची. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून आईनं भिंतीवरचे शब्द तिच्याकडून बोटांच्या पेरांवर पाठ करून घेतले. ती आमच्या ओट्याच्या पायरीवर बसे, आई ओट्यावर. शांती म्हणजे काय, असं तिनं विचारलं तेव्हा आई म्हणाली, "दोघांचं वाकडं आलं असलं तर मधी पडून मिटवायचं, मावशी."

तिची एकच मागणी होती. ती माझ्यासमोर आईला म्हणाली, "बाई, समद्यांच्या मागनं द्या मला. पर त्याच प्याल्यातनं द्या." आमच्याकडे प्रभुभोजनाचा प्याला एक होता आणि तो तोंडातोंडानं फिरायचा.

आमच्या मंडळीचा नियम असा, की ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्यानं आधी समेट करावा, मग मेजाकडे यावं. त्या रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाच्या मनात कुणाविषयी अढी आहे का?" हा प्रश्न दर वेळी विचारला जाई आणि दर वेळी कुणी उठत नसे. त्या दिवशी मंडळीचे थोरले पंच उठले.

"माझं मेव्हण्याशी बोलणं न्हाय, साहेब."

मेव्हणा शेजारीच बसला होता. त्यानं पंचांकडे पाहिलं, मग मागं बसलेल्या विधवेकडे पाहिलं. "व्हय, न्हाय बोलणं," असं म्हणून तोही उठला. मग आणखी दोघं उठले, मग एका बाकाचे सगळे. माझी आई उठली. जावेशी पटत नाही, असं तिनं सांगितलं. त्याच पहाटे दोघींनी एका जात्यावर दळण केलं होतं. मी खिडकीतून बाहेर पाहिलं तेव्हा पंच आणि मेव्हणा लिंबाखाली एकाच डबीतला चुना घेत होते.

पाळकसाहेबांनी पुढच्या भेटीपर्यंत प्रभुभोजन थांबवलं. लोक का उठले हे वडिलांना माहीत होतं. त्यांनी ते साहेबांना सांगितलं नाही.

विधवेला ती भांडणं खरी वाटली. सोमवारपासून ती समेट करत घरोघर फिरू लागली. पंचांच्या घरचा प्रसंग वडिलांनी पाहिला आणि घरी येऊन सांगितला. पंच तिला म्हणाले, भांडण बांधावरून आहे.

"तुमास्नी शेत कुठंय, दादा?"

"आज्याच्या वक्ताला व्हतं. तवाचं हाय भांडण."

"मंग आज्यासंगं पुरा की त्याला," ती म्हणाली, आणि मेव्हण्याला हाताला धरून घेऊन आली.

आमच्याकडे ती आली तेव्हा चुलती आत चुलीपाशी होती. आईनं दार ओढून घेतलं.

"बाई, जाऊबाईंचं अन् तुमचं कशावरनं बिनसलं?"

आईनं इकडंतिकडं पाहिलं. अंगणात चुलतीच्या कोंबड्या फिरत होत्या. "कोंबडीवरनं," आई म्हणाली. "तिची आमच्यात येऊन अंडी घालती. मग ती अंडी कुणाची?"

"एवढंच व्हय? कोंबडीला काय ठावं घर कुणाचं!"

दुसऱ्या दिवशी ती पदराखाली स्वतःची अंड्यावरची कोंबडी घेऊन आली. तिच्याकडे एवढी एकच होती. "ही तुमची. आता तुमची अंडी तुमच्यात, त्यांची त्यांच्यात. मिटलं का?" चुलतीनं हसू दाबायला तोंड फिरवलं, मग म्हणाली, "मिटलं, मावशी."

"मंग हात द्या हातात."

दोघींनी हात दिले. दोघींच्या हातांना एकाच जात्याचं पीठ होतं. चुलतीचं हसू तेव्हा गेलं. आईनं कोंबडी परत घे म्हणून सांगितलं, ती घेईना. शांतीचं पेर दाखवून म्हणाली, "तुमीच शिकवलंय."

कोंबडी आमच्याकडे राहिली. तिची अंडी आम्ही खाल्ली. त्यानंतर आईनं पायरीवरची शिकवण बंद केली. सांगायची, काम असतं. विधवा वाटेत भेटली की आई खाली पाहून बोलायची. वडिलांनी भिंतीवरचे शब्द दर वर्षीप्रमाणे पुन्हा गिरवायला नीळ आणली होती. ती कोनाड्यात तशीच राहिली.

ईस्टरच्या आधी विधवा वडिलांकडे आली. "आता कुणाचं कुणाशी वाकडं न्हाय, मास्तर. साहेबास्नी सांगावा धाडा." सांगावा गेला. त्याच आठवड्यात मंडळीचे सगळे पंच आमच्या घरी बसले. अढी आहे म्हणून पुन्हा उठायला कुणालाच तोंड नव्हतं. सोलापूरहून काचेचे छोटे पेले आणायचं ठरलं, माणशी एक. पाळकसाहेबांना पटकीचं कारण कळवायचं ठरलं. ते पत्र वडिलांनी लिहिलं. आमच्या गावात त्या वर्षी पटकी नव्हती.

ईस्टरच्या रविवारी साहेबांनी अढीचा प्रश्न विचारला. कुणी उठलं नाही. विधवा मागच्या बाकावर बसून एकेकाकडे पाहत होती आणि मान हलवत होती. मग पेल्यांचं तबक फिरलं. तिच्यापर्यंत शेवटी आलं. त्यात एक पेला उरला होता. तिनं तबकाखाली वाकून पाहिलं, मग तो घेतला आणि प्यायली.

उपासना सुटल्यावर ती दारात आईजवळ आली. मी आईच्या शेजारी होतो.

"बाई, तो पयला प्याला कुठं गेला?"

"फुटला, मावशी," आई म्हणाली.

तो प्याला पितळेचा होता. त्या वेळी तो आमच्या घरी फडताळात होता.