नव्या भाताची कॅसेट

ती बाई आठवली की अजून माझ्या पोटात दुखतं. चेण्याच्या वारली पाड्यावरून भाजीची पाटी घेऊन ती रोज मीरा रोडला, पूनम सागर वसाहतीतल्या आमच्या वाचनालयाच्या पायरीवर बसायची. नव्वद-ब्याण्णवची गोष्ट. नाव मी कधी विचारलं नाही.

एका दुपारी देणगीत आलेली वारली गाण्यांची कॅसेट लावून मी सूचीसाठी त्या कॅसेटचं कार्ड लिहीत होते. ती बाई दारात येऊन डोळे मिटून उभी राहिली.

"माझी आते हाय ही. गाण्याआधी असाच दम घ्यायची."

मी कार्ड वाचून दाखवलं, "गायिका अज्ञात."

"तुला म्हायती न्हाय, असं लिव," ती शांतपणे म्हणाली. "आन् बंद कर ती. नवा भात घरात आल्याबिगर हे गाणं आमी ऐकत न्हाय."

ग्रंथपालनाचा कोर्स मी केलेला, कपाटाची किल्ली माझ्या कमरेला, आणि नियम ही सांगणार! तरी मी बटण दाबून कॅसेट बंद केली.

दिवाळीच्या सुमारास ती मूठभर नवे तांदूळ घेऊन आली. टेपरेकॉर्डरपुढे ठेवून म्हणाली, "आता लाव, बाय." ऐकताना ती गालात हसत होती. नंतर तिने सांगितलेलं आतेचं नाव मी कार्डावर लिहिलं, आणि खाली, 'नवा भात आल्यावरच ऐकवावे.'

खरा हेवा मला त्या मेलेल्या आतेचा वाटला. माझी सख्खी भाची अजून फोनवर विचारते, "कोण बोलतंय?"