मधुवंतीकडचं विरजण

शकुनला मधुवंतीचा हेवा वाटे, आणि तो काही आजचा नव्हता. चक्रधरपूरच्या रेल्वे कॉलनीत दोघी नव्या नवऱ्या म्हणून शेजारी राहायला आल्या, तेव्हापासूनचा होता. मधुवंतीला गाणं येई. बाळंतपणानंतरही मधुवंतीची कंबर जागच्या जागी राहिली. मधुवंतीच्या नवऱ्याने, प्रभाकरने, चारचौघांत तिला कधी "तुला काय कळतंय त्यातलं" असं म्हटलं नाही. हे सगळं शकुनने मूग गिळून सोसलं. पण पंचावन्न ओलांडल्यावर, इथे कोलकात्यात, मधुवंतीचं लिव्हरसुद्धा आपल्यापेक्षा चांगलं निघावं, हे मात्र तिच्या घशाखाली उतरेना.

झालं असं, की गार्डन रीचला रेल्वेच्या महिला मंडळाने तपासणी शिबिर भरवलं. शकुनचा नवरा श्यामकांत तिथल्याच मुख्य कचेरीत अधिकारी, त्यामुळे तिला जाणं भागच होतं. एकटीला कंटाळा येईल म्हणून तिनेच खिदिरपूरहून मधुवंतीला बोलावून घेतलं. प्रभाकर गेल्यापासून मधुवंती तिथल्या फ्लॅटमध्ये एकटीच असते. मुलगी देवयानी पुण्याला. दोघींची सोनोग्राफी झाली. मधुवंतीचं लिव्हर स्वच्छ. शकुनच्या लिव्हरवर चरबी, तीही दुसऱ्या पायरीची.

शकुनच्या अंगाचा तिळपापड झाला. संकष्टी न चुकवणारी ती, अंड्यालाही न शिवणारी. आणि ती मधुवंती! कोलकात्यात आल्यावर मासे खायला शिकली, दुर्गापूजेच्या दिवसांत मंडपामागे उभी राहून मटण रोल खाते. देवाच्या दरबारात काही न्याय आहे की नाही?

डॉक्टर वयस्कर बंगाली गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे हिंदीत समजावलं, की हा रोग दारू न पिणाऱ्यांनाही होतो, आणि हल्ली फार जणांना होतो. आतड्यात अगणित जिवाणू राहतात. आपण त्यांना काय खायला घालतो, त्यावर त्यांच्यातल्या कोणाचं फावतं ते ठरतं. गोड आणि मैद्यावर पोसलेले नको ते तयार करतात, आणि आतड्यातलं रक्त जातं ते थेट लिव्हरकडे. काही रोग्यांच्या पोटातले जिवाणू तर स्वतःच थोडी दारू गाळतात, असंही संशोधनात दिसलंय.

"म्हणजे मी न पिता पिते?" शकुनने विचारलं. श्यामकांत हसला, आणि ते तिने नीट लक्षात ठेवलं.

तुमच्या बाबतीत तसंच आहे असं नाही, डॉक्टर म्हणाले. भाज्या, डाळी, सालासकट फळं खा, गोड सोडा, वजन उतरवा, रोज चाला. घरचं दही खा, पण दही म्हणजे औषध नव्हे. शकुनने 'घरचं दही खा' एवढं ऐकलं आणि पुढचं तिथेच सोडून दिलं. कारण घरचं दही म्हटल्याबरोबर तिला सगळा उलगडा झाला होता.

तिच्या लग्नात आईने नागपूरहून स्टीलच्या डबीत विरजण दिलं होतं. बदली झाली की सामान मालडब्यात जाई, पण डबी शकुनच्या मांडीवर असे. चक्रधरपूर, बिलासपूर, खरगपूर, कुठेही त्या दह्याची कवडी कधी मोडली नाही. चक्रधरपूरला मधुवंतीने पहिल्यांदा विरजण मागितलं, तेव्हा दिवेलागण झाली होती. तिन्हीसांजेला दही घराबाहेर देत नाहीत, असं सांगून शकुनने तिला परत पाठवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दिलं होतं. पुढे कोलकात्यात मुलाच्या, सलीलच्या, लग्नाच्या धांदलीत शकुनचं दही नासलं. मधुवंतीकडे मागायला जीभ रेटेना. तिने कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडून मातीच्या भांड्यातलं आंबट दही आणलं, त्याचं विरजण लावलं आणि कोणाला काही कळू दिलं नाही.

म्हणजे आईचे ते चांगले जिवाणू इतकी वर्षं मधुवंतीच्या घरी नांदत होते, तिच्या लिव्हरची राखण करत होते, आणि आपण मात्र बाजारचं खात बसलो होतो. शकुनला वाटलं, एवढी उघड चोरी कोणी केली नसेल. चोरी कसली, हातानेच तर दिलं होतं, हे तिला कळत होतं. त्याने राग वाढलाच.

दोन दिवस ती धुमसली. तिसऱ्या दिवशी ऑटो धरून खिदिरपूरला गेली. वाटेत गर्दी लागली आणि मधुवंतीच्या दारात पोचेपर्यंत आत देवापाशी दिवा लागला होता.

मधुवंतीने चहा केला. बशीत बंगाली मिठाईचे दोन संदेश ठेवले. तिने स्वतः अर्धा खाल्ला आणि उरलेला बाजूला ठेवला. शकुनने संदेश नको म्हटलं आणि एका दमात आपली सगळी कैफियत मांडली. सलीलच्या लग्नात दही नासल्याचंही सांगून टाकलं. सांगताना आवाज चढला. मधुवंती आधी हसली, मग हसायची थांबली.

"तिन्हीसांज झालीय," ती म्हणाली. "चालेल?"

शकुनने मान खाली घालून चालेल म्हटलं. मधुवंती स्वयंपाकघरात गेली आणि एका डबीत दही घालून घेऊन आली. येऊन पाहते तर शकुनच्या हातात तो अर्धा संदेश, आणि अर्ध्यातला अर्धा तोंडात.

"गोड बंद आहे ना तुझं?"

"हे काय खाणं आहे? उरला होता, वाया गेला असता."

ती खरंच तसं मानत होती. सून स्नेहा डबा अर्धा परत आणे, सलील सेक्टर फाइव्हमधल्या ऑफिसातून बाहेर जेवूनच येई, श्यामकांत कचेरीतून मिठाईचे खोके आणी आणि एक तुकडा मोडून बाजूला सारी. सगळ्यांची जेवणं झाली की शकुन ओट्याशी उभी राहून ते संपवी. शिळा भात, पुऱ्या, नातीने, शर्वरीने, कुरतडलेले रसगुल्ले. मग स्वतःच्या ताटात भाजी घेण्याइतकी भूक राहत नसे. दही तर तिच्यापर्यंत पोचतच नसे. विचारलं तर शपथेवर सांगेल, मी दोन घासच जेवते.

मधुवंती समोर बसली. "शकुन, दह्याचं काही नाही गं. तुझ्या पोटात सगळ्या घराचं उरलंसुरलं जातं. मी भाजी करते, मीच खाते, संपते. माझ्याकडे काही उरतच नाही."

"तेच तर. तुझं बरं आहे."

"बरं?" मधुवंती म्हणाली. "मध्ये एकदा मी मुद्दाम चौघांचा भात लावला. उरला की घर भरलेलं वाटेल म्हणून. उरला. दुसऱ्या दिवशी मीच खाल्ला, गरम करून. तुझ्या ओट्यावर चार जणांचं उष्टं असतं ना, त्याचा मला इतका हेवा वाटतो, की मी तुझ्याकडे जेवायला यायची बंद झाले. तुझ्या लक्षातही आलं नाही."

इतकी वर्षं हेवा करायचा मक्ता आपलाच, असं शकुन धरून चालली होती. डबी घट्ट धरून ती निघाली, आणि ऑटोत बसल्यावर तिला पहिल्यांदा मधुवंतीची कीव आली. मग त्या किवेची लाज वाटली, आणि शेवटी पुन्हा हेवाच वाटला. कारण मधुवंतीने मनातलं सांगून टाकलं होतं आणि आपल्याला ते कधी जमलं नव्हतं.

त्या रात्री तिने कोमट दुधात विरजण लावलं. सकाळी दही असं लागलं, की पातेलं तिरकं केलं तरी हललं नाही. चमचाभर जिभेवर ठेवल्याबरोबर तिला आई आठवली, नागपूरचं घर आठवलं, आणि डोळे भरून आले.

रविवार होता, सगळे टेबलाशी होते. शकुनने सगळ्यांना दही वाढलं. सलीलने एक घास घेतला आणि म्हणाला, "अरे वा! अगदी मधूमावशीकडच्यासारखं झालंय."

शकुनच्या हातातला डाव थांबला. ते माझ्या आईचं आहे, माझ्या मांडीवरून गावोगाव हिंडलेलं आहे, हे शब्द अगदी ओठांवर आले. श्यामकांतने वर पाहिलं. त्यालाही ते येताना दिसले असावेत.

"हो," ती म्हणाली. "तिच्याकडचंच आहे."

मग तिने आपल्यासाठी ताट घेतलं, त्यात दुधी भोपळ्याची भाजी वाढली, वाटीभर दही घेतलं आणि ती सगळ्यांबरोबर खुर्चीवर बसली. जेवणं झाल्यावर शर्वरीच्या ताटात अर्धी पुरी राहिली. शकुनचा हात त्या पुरीपर्यंत गेला, तिथे थोडा रेंगाळला आणि परत आला. तिने फोन उचलून मधुवंतीला लावला.

"आज रात्री जेवायला ये," ती म्हणाली. "आणि हे बघ, तुझ्या दह्याचं कौतुक चाललंय इथे. मला ते अजिबात आवडलेलं नाही. तरी ये."